दाखवायच्या घरातली दांडी

मी बोलतेय, बाथरूममधली दांडी. टॉवेल वाळत घालायची नव्हे हं! तो गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण त्यापायी माझा अर्धा जन्म वाया गेला. मी धरायची दांडी. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला, डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघ्यानं दगा दिला, की हात कसा आपसूक भिंतीकडे जातो? तिथे मी असायला हवं.

माझा जन्म मेलबर्नच्या कडेला एका कारखान्यात झाला. ओला हात निसटू नये म्हणून माझं अंग मुद्दाम खरखरीत केलं. मग एका धिप्पाड कामगारानं मला चौकटीत बसवलं आणि दोन्ही पाय उचलून तो माझ्यावर खुशाल लोंबकळला. मी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, चला, आता कुणाच्या तरी उपयोगी पडायचं. कसलं काय!

मी आले ती त्याच शहरातल्या कोबर्गला, अस्सुंताच्या घरी. वयानं ऐंशीच्या पुढे, उंचीनं बेताची, आणि आवाज असा की तीन घरं पलीकडे ऐकू जावा. तरुणपणी नवऱ्याबरोबर इटलीतल्या कलाब्रियातून बोटीनं आलेली. नवरा सावेरिओ गवंडी होता. हे घर त्यानं स्वतःच्या हातांनी बांधलं, आणि आता तो नाही.

त्या हिवाळ्यात, मी यायच्या थोडं आधी, म्हातारी मागच्या अंगणात, पावट्याच्या वाफ्यात पडली. कपाळाला टाके पडले. एकुलती लेक मिरेला शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिच्या तोंडचं पाणी पळालं. मला भिंतीत बसवत होते तेव्हा मायलेकी बाथरूमच्या दारातच भांडत होत्या.

"मम्मा, घर नीट करून घेऊ. दांड्या लावू. हे बटण गळ्यात घाल, काही झालं की दाबायचं, माणसं धावत येतात. पण ह्यानंतर एकदा जरी पडलीस ना, तर मी तुझं काही ऐकणार नाही. सरळ वृद्धाश्रम. कबूल?"

"कबूल. त्यापेक्षा जिवंतपणीच पुरून ये की मला."

"मम्मा!"

"कबूल म्हटलं ना! अस्सुंतानं शब्द मोडलाय का कधी?"

टेगन नावाची एक मुलगी माझी उंची मापून बघत होती. म्हाताऱ्यांची घरं बिनधोक कशी करायची, हेच तिचं काम. तिनं समोरच्या स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "रांधता इथेच ना?"

"तर! दुसरीकडे कुठे रांधणार?" अस्सुंता म्हणाली.

"इतकं स्वच्छ स्वयंपाकघर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

स्वच्छ असणारच, बाई! त्या ओव्हनच्या पोटात त्याचं माहितीपुस्तक अजून तसंच पडलं होतं. टेगननं मागच्या दाराकडे हात केला. "आणि खाली?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मिरेला पटकन म्हणाली, "खाली गॅरेज. भंगार नुसतं."

टेगननं मान डोलावली आणि ती गेली. इथेच सगळं फसलं.

कारण ह्या घरात घरं दोन. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही गोष्ट ह्या गल्लीतल्या इटालियन घरांना जितकी लागू पडते तितकी हत्तीलाही पडत नसेल. वरचं घर पाहुण्यांचं. सोफ्यावर प्लॅस्टिक, काचेच्या कपाटात लग्नातले कप, बाथरूममध्ये कुणी न वापरलेला गुलाबी साबण. जगायचं ते खाली, गॅरेजात. तिथे शेगडी, तिथे लांब टेबल, छताला टांगलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज, भिंतीवर सावेरिओचा फोटो, कोपऱ्यात अंघोळीची जागा. अस्सुंता वर येई ती झोपायला, पुसायला आणि फोन घ्यायला.

वर आणि खाली ह्यांच्या मध्ये सिमेंटच्या पायऱ्या, मागच्या दारापासून गॅरेजापर्यंत, उघड्यावर, गुळगुळीत झालेल्या. धरायला काही म्हणजे काही नाही. मिरेला त्या पायऱ्यांवर खेळूनच मोठी झाली, तिला का ठाऊक नव्हतं? पण परक्या बाईला सांगायचं की आम्ही गॅरेजात राहतो? लेक हापिसात साहेबीण झाली तरी लाज ती लाजच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, त्यातला तो बंब म्हणजे मी.

दुसऱ्याच दिवशी अस्सुंतानं माझ्यावर लेसचा टॉवेल घातला. रोज मला पुसायची. इतकी चकचकीत ठेवायची की खिडकीतलं आभाळ माझ्यात दिसे. पण धरलं एकदाही नाही. आणि ते गळ्यातलं बटण? "मी काय बकरी आहे, गळ्यात घंटा बांधायला?" असं म्हणून तिनं तेही माझ्याच टोकाला अडकवून टाकलं. मिरेला यायची असली की तेवढ्यापुरतं गळ्यात, ती गेली की परत माझ्यावर.

बाथरूमची खिडकी नेमकी त्या पायऱ्यांवर उघडते. मला सगळं ऐकू यायचं. सकाळी चपला फटफटत खाली जायच्या, हातात कधी पातेलं, कधी पिठाची परात. मी एकेका पावलाला जीव मुठीत धरून असायची. त्यातून तो फोन! फोन वर, खोल्यांमधल्या बोळकंडीत. मिरेला रोज सकाळी काळजीनं फोन करायची, आणि म्हातारी खालून धावत सुटायची, दोन-दोन पायऱ्या एकदम.

"कुठेयस, मम्मा?"

"कुठे असणार? वर, स्वयंपाकघरात."

"मग धापा का टाकतेस?"

"कणीक मळतेय. मळून बघ एकदा, तुलाही लागेल धाप."

लेकीला वाटे, आपण फोन करतो म्हणून आई सुखरूप आहे. माझा मात्र त्या घंटीनं थरकाप व्हायचा.

उन्हाळा सरत आला आणि सॉस करायचा शनिवार उजाडला. वर्षभराचा टोमॅटोचा सॉस एका दिवसात करून बाटल्यांत भरायचा, म्हणजे ह्या लोकांचा सणच. मिरेला आणि जावई यायचे होते. "आम्ही येईपर्यंत कशाला हात लावू नकोस," लेकीनं बजावलं होतं. ऐकेल ती अस्सुंता कसली! सकाळीच तिनं नळी लावून पेट्याच्या पेट्या टोमॅटो धुवायला घेतले. पाणी पायऱ्यांवर उडत होतं, मला त्याची चळचळ ऐकू येत होती. खाली शेगडीवर कांदा परतायला टाकलेला. वासावरून कळत होतं. म्हातारी सावेरिओच्या फोटोशी मोठमोठ्यानं बोलत होती, यंदा टोमॅटो कसा पाणचट आलाय ते सांगत होती.

आणि फोन वाजला.

नको गं, मी म्हटलं. वाजू दे. वाजून वाजून बंद पडेल.

चपला फटफटत निघाल्या. एक, दोन, घाईघाईनं. मग धपकन आवाज आला, पिठाचं पोतं टाकावं तसा. त्यामागून एक चप्पल एकटीच खाली खाली आपटत गेली.

फोन वाजत राहिला. थांबला. पुन्हा वाजायला लागला.

"मादोन्ना," खालून आवाज आला. बारीक, तिचा वाटेच ना. "मादोन्ना मीया." मेरीमातेचा धावा करत होती.

बटण माझ्या टोकाला लटकत होतं. नुसतं दाबायचं होतं हो! अख्खा पुरुष पेलून धरणारी मी, मला एक बटण दाबता येईना. मी रडले असते, पण स्टीलला ती सोय नाही. म्हातारीनं हाका मारल्या. शेजारच्या घरात कुणी नव्हतं. मग ती हाका मारायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. कांद्याचा वास बदलला. आधी गोडसर, मग करपट, मग खिडकीतून धुराची रेघ आत आली. मनात नाही नाही ते आलं. शेगडी पेटलेली, ती अशी पडलेली, आणि लेसच्या टॉवेलाखाली मी.

पुढचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा किती वेळ गेला होता मला सांगता येणार नाही.

"मम्मा? फोन का उचलत नाहीस? मम्मा!"

मिरेला स्वयंपाकघरात धावली. तिथे सगळं चकाचक. झोपायच्या खोलीत धावली. मग बाथरूममध्ये आली आणि तिला माझ्या टोकाला ते बटण दिसलं. वळताना तिचा तोल गेला. हात भिंतीवर फिरला आणि तिनं मला घट्ट धरलं. मला पहिल्यांदा कुणी धरलं ते म्हातारीनं नव्हे, तिच्या लेकीनं.

तेवढ्यात तिला करपल्याचा वास आला. "खाली," ती म्हणाली आणि धावली. तिच्यामागे जावईही.

पुढचं मी खिडकीतून ऐकलं.

"ओरडू नकोस, गल्ली ऐकेल," अस्सुंता म्हणत होती. "आधी शेगडी बंद कर. कांद्याची राख झाली."

"नवऱ्यानं केली बंद. कुठे लागलंय? हात बघू. अगं, हा मोडलाय, मम्मा!"

"मोडू दे. ऐक माझं. मला उचला आणि वर बाथरूममध्ये नेऊन ठेवा. सांगू तिथे पडले म्हणून."

"का?"

"तिथे दांडी आहे ना? मग दोष दांडीचा."

बघा! आयुष्यात एकदा धरलं नाही, आणि आळ घ्यायला मी! पण मला राग यायच्या आत म्हातारीचा आवाज चिरकला. "इथे पडले म्हटलंस तर कळेल दवाखान्यातल्या लोकांना आपण कुठे राहतो ते. आणि मग तू मला पाठवशील. सावेरिओला इथे एकटं सोडून मी जायची नाही गं."

 मग मिरेलाच्या हुंदक्याचा आवाज आला. "भंगार आहे असं मीच म्हटलं होतं त्या मुलीला. मी, मम्मा. तू नाही."

रुग्णवाहिका आली तेव्हा मिरेलानं त्या माणसांना गॅरेजचं मोठं दार सताड उघडून दिलं.

हाताला प्लास्टर घालून अस्सुंता घरी आली. कधी नव्हे ती गप्प. एका हातानं कपाटातून बॅग काढली आणि कपडे भरायला लागली. "शब्द दिला होता मी," ती म्हणाली. मिरेलानं बॅग हातातून घेतली. "टेगनला बोलावलंय. उद्या येतेय. ह्या वेळी खालून आणणार आहे तिला."

"उद्या?" म्हातारीचा आवाज एकदम तीन घरांपलीकडे गेला. "अगं मेले, निदान झाडून तरी घेऊ दे!"

टेगन खाली आली, त्या लांब टेबलाशी बसली, आणि जेवल्याशिवाय तिला कुणी उठू दिलं नाही. मग ती बाहेर येऊन पायऱ्यांपुढे उभी राहिली. "हे मला आधी का नाही दाखवलंत?" एवढंच म्हणाली. 

पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसला, वर खरखरीत पट्ट्या लागल्या. फोन खाली गेला. आणि मला वरच्या भिंतीतून काढून मागच्या दाराबाहेर आणलं, पायऱ्या संपतात आणि कठडा सुटतो तिथे. बाथरूमच्या भिंतीला पडलेल्या भोकांवर अस्सुंतानं संत अंतोनियोचं चित्र चिकटवलंय. पाहुणे काय म्हणतील!

पहिल्या दिवशी ती खालून वर आली ते मी विसरणार नाही. गळ्यात सोनसाखळी, तिच्याखाली बटण. धड असलेला हात कठड्यावर. शेवटच्या पायरीवर कठडा संपला आणि ती थांबली. माझ्याकडे बघितलं. सवयीनं पदर धरावा तसा एप्रनचा काठ धरला, मला पुसायला. मग गुडघा लचकला. एप्रन सुटला, आणि लसणाचा वास येणारा तो हात माझ्यावर पडला. सगळा भार माझ्यावर आला.

मी हूं की चूं केलं नाही.

"बरी आहेस की गं," धाप टाकत म्हातारी मला म्हणाली. "इतके दिवस होतीस कुठे?"

वर होते, बाई! तुझ्या टॉवेलाखाली!

आता माझ्यावर टोमॅटोचे डाग आहेत, पीठ आहे, तेलकट बोटं आहेत. पुसायला कुणाला सवड नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल आणि मला आणायचा विचार असेल, तर एवढंच करा. मापं घ्यायला येणाऱ्याला पाहुण्यांची खोली दाखवू नका. ते माणूस दिवसभर कुठे वावरतं ती जागा दाखवा, मग ती कितीही पसाऱ्याची असो. आणि मला लावलंत, की धरा.