घोड्यांना झिंगवणारं गवत

आमच्याकडे, चिल्येन डोंगराच्या पायथ्याशी, पोरगं नीट चालायला लागलं की त्याला घोड्यावर बसवतात. माझा धाकटा भाऊ मू ह्वाइयू मात्र बसवला की उतरायचा आणि कुरणात पालथा पडून गवताच्या काड्या डोळ्यांपाशी धरायचा. पुढे तो नानचिंगच्या विद्यापीठात गेला आणि तिथेही गवतच घेऊन बसला. सुट्टीत आला की आमच्याकडचे बापे त्याला सोडायचे नाहीत.

"काय मू मास्तर, आम्ही घोड्यांपुढे टाकतो तेच शिकायला एवढ्या लांब गेलात होय?"

"घोडं निदान चावून तरी बघतं, काका. तुम्ही नुसतंच टाकता," तो हसून म्हणायचा.

आईला त्याची काळजी वाटायची. मला कधी वाटली नाही. त्याला मीच कडेवर वाढवला होता. हा पोरगा जे बघतो ते पुरतं बघतो, हे मला ठाऊक होतं.

माझं लग्न याओ देबाओशी झालं. घोड्यांच्या सरकारी फार्मवर तो कळप राखायचा. छप्पन साली उन्हाळ्यात दूरच्या हनान प्रांताकडून बरीच नवी घोडी आली, उंच, तुकतुकीत. जुना कळप होताच, त्यात ही सगळीही देबाओच्याच गळ्यात पडली. थोडे दिवस गेले आणि नवी घोडी दारू प्यायल्यासारखी करायला लागली. तोंडातून लाळ गळतेय, मान लोंबतेय, पाय एकमेकांत अडकतायत. दोन तर ओढ्याच्या दरडीवरून कोसळून मेली. आमच्या जुन्या कळपाला मात्र काहीच झालं नाही.

फार्मचे प्रमुख शांगसाहेब यांनी देबाओला सगळ्यांसमोर उभं केलं.

"एकाच कुरणात चरतात, एकाच ओढ्याचं पाणी पितात, मग नवीच का मरतात? नवी घोडी गळ्यात मारली म्हणून तू कुरकुरत होतास, हे सगळ्यांनी ऐकलंय."

"कुरकुरलो म्हणून विष घालीन? साहेब, स्वतःच्या पोरांआधी मी घोड्यांना पाणी पाजतो. त्या कुरणातच काहीतरी आहे."

"मग तुझ्या लाडक्या घोड्यांना ते कसं बाधत नाही?"

देबाओला खोगिरांच्या खोलीत कोंडला आणि वर चौकशीसाठी कळवलं. मी त्याच्यासाठी भाकरी आणि मटणाचा रस्सा नेला, तो तसाच परत आला. ओढ्यावर बायका मला बघून घागरी उचलून निघून जायला लागल्या.

ह्वाइयू तेव्हा गवतं गोळा करायला लानचौला आलेला होता. मी तार केली. तो मिठाच्या ट्रकमधून आला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, पाठीवर गवताचे नमुने दाबून सुकवायच्या फळ्या.

"आधी चहा तरी घे रे."

"चहा पळून जात नाही, ताई. घोडी कुठे चरली ते दाखव."

दिवसभर तो गुडघ्यांवर कुरण पालथं घालत होता. मेंढ्यांच्या जुन्या कोंडवाड्यापाशी, जिथे जमीन खुरांनी पार तुडवली गेली होती, तिथे उंच गवताचे गच्च झुबके होते. त्यातली एक ओंबी त्याने भिंगाखाली धरली, दाण्याचं टरफल दाताने सोललं, परत बघितली. मग मातीतच फतकल मारून बसला.

"ताई, दाजी सुटले म्हणून समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर त्या झुबक्यांपाशी त्याने एक नवा घोडा आणि देबाओच्या कळपातली एक तांबडी घोडी मागवली, दोन्ही उपाशी.

"आता घोड्यांची साक्ष काढणार वाटतं?" शांगसाहेब म्हणाले.

"माणसांची तुम्ही काढलीतच की."

तांबडीने झुबका हुंगला, जोरात फुरफुरली आणि बाजूचं बारीक गवत खायला लागली. नव्या घोड्याने त्याच झुबक्यात तोंड खुपसलं. चार घास झाल्यावर ह्वाइयूने त्याला ओढून बाजूला केलं. दुपार कलली तशी त्याची लाळ गळायला लागली आणि पाय वाकडे पडायला लागले.

"आपली घोडी दर वसंतात खिंडीपलीकडे चरतात," ह्वाइयूने सांगितलं, "तिथे हे गवत पिढ्यान् पिढ्या आहे. शिंगरू आईच्या मागे चरताना शिकतं, याला तोंड लावायचं नाही. हनानच्या घोड्यांना कोण शिकवणार? मेंढ्यांनी इथलं चांगलं गवत संपवलं, म्हणून हे माजलं. हा घोडा उद्या सावरेल. कुरणाचा एवढा तुकडा कुंपण घालून बंद करा, बाकीची वाचतील."

घोडा दुसऱ्या दिवशी खरंच सावरला. खोलीचं कुलूप शांगसाहेबांनी स्वतः काढलं आणि देबाओसमोर टोपी उतरवली.

"टोपी राहू द्या डोक्यावर, ऊन आहे," देबाओ म्हणाला. "कुंपणाला माणसं द्या." मग ह्वाइयूच्या पाठीत त्याने असा धपका घातला की तो भेलकांडलाच. "मेव्हण्या, तुझ्या गवताला आता कुणी हसू दे, त्याला मी बघतो!"

ह्वाइयू पुढे लानचौलाच शिकवायला राहिला. गवतं शोधताना उंच पठारावरच्या बर्फात त्याची पायाची दोन बोटं गेली, तरी हिंडणं थांबलं नाही. आधी कुणीच न ओळखलेली कितीतरी गवतं त्याने शोधली, त्यांना नावं दिली. उशी करता येईल एवढा जाड ग्रंथ लिहिला. परदेशातले पंडित ओळख पटत नसलेल्या काड्या त्याच्याकडे पाठवतात, असं त्याचे विद्यार्थी मला सांगायचे. तो स्वतः कधी बोलला नाही.

सत्तरी उलटल्यावर एकदा तो बसभर विद्यार्थी घेऊन आला. काही दक्षिणेकडच्या कँटनचे, काही पार उत्तरेच्या हार्बिनचे, एकाची बोली दुसऱ्याला कळेना. मी दोन मेंढ्या शिजवल्या. कुरणात पोचल्यावर त्याने सगळ्यांना गुडघ्यांवर बसायला लावलं. चांगल्या कपड्यांतल्या पोरीसुद्धा चिखलात बसल्या. माझ्या शेजारी उभी असलेली म्हातारी वांग मला म्हणाली, "एवढी माणसं देवळात तरी गुडघे टेकतात का गं?"

"हा सगळा माझ्या भावाचा वर्ग आहे," मी म्हटलं, आणि इतक्या मोठ्यांदा म्हटलं की ह्वाइयूने मागे वळून बघितलं.