संगणकाला झालेली बाधा

चारकोपच्या मधुकर परबांच्या बैठ्या घरात त्या संध्याकाळी अर्धी गल्ली लोटली होती, कारण त्यांचा कॉम्प्युटर बोलू लागला होता. पडदा लालभडक, भोंगा वाजतोय आणि एक बाई ठणकावून सांगतेय, "आपला संगणक बाधित आहे. बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल. खालील क्रमांकावर त्वरित संपर्क साधा."

मराठी कुणा यंत्राने केलेलं. शेजारच्या राजारामने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. बाधित म्हणजे बाधा झालेला! झालं, नारळ आला आणि गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा, ह्या यंत्राक जी काय बाधा लागली आसात, ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गल्ली म्हणाली. भोंगाही मध्येच साथ देत होता.

समोरच्या घरातली चेतना हायस्कुलात विज्ञान शिकवते. दारातून हा तमाशा बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली. हातात स्मार्टफोन आणि डोक्यात भूत! तिची जीभ शिवशिवत होती, पण मधुकरकाकांचा चेहरा बघून ती नुसती आत येऊन त्यांच्याजवळ उभी राहिली. त्यांची बायको, सोनूबाईकाकू, गेल्या आणि गौरीच्या रात्री गायलेली त्यांची फुगडीची गाणी तेवढी याच डब्यात उरली होती. ती फोनवर घ्यावीत म्हणून काकांनी कुठलं तरी 'मोफत डाउनलोड'चं बटण दाबलं आणि ही बया प्रकटली.

काकांनी पडद्यावरच्या नंबरावर फोनही लावला होता. पलीकडे 'सीनियर इंजिनिअर अॅलेक्स' होते. नाव साहेबाचं, मराठी तोडकंमोडकं आणि अधीरपणा वसुलीवाल्याचा. एक अॅप टाका, बँकेचं कार्ड हाताशी ठेवा, व्हायरस मी इथून उपटतो, असा त्यांचा धोशा चालला होता.

"काका, हे सगळं खोटं आहे. बंद करा."

काकांनी तिचा हात धरला. "नको गो. तिचो आवाज गेलो तर माझ्याकडे काय उरतला?"

चेतनाने मग बंद करण्याचा हट्ट सोडला. तिने इंटरनेटच्या डबीची वायर उपटली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि फोन स्पीकरवर टाकला.

"अॅलेक्स, आमचा कॉम्प्युटर दिसतोय तुम्हाला?"

"समोरच आहे, मॅडम. चारशे व्हायरस आहेत."

"आणि आत्ता?"

"आता सहाशे झाले. लवकर करा."

"नेटची वायर माझ्या हातात आहे. तुम्हाला दिसतंय कुठून?"

सीनियर इंजिनिअर अंतर्धान पावले. फोन कट झाला.

राजाराम मात्र हार मानेना. मग ती बाई अजून कशी बोलता, असं त्याने विचारलं. चेतनाने सांगितलं की ती रेकॉर्ड आहे. गाणं एकदा उतरवलं की नेटशिवायही वाजतं. हे वेबसाइटचं साधं पान आहे, मुद्दाम पडदाभर पसरवलेलं, म्हणजे बंद करायची फुली दिसू नये. पानाला कॉम्प्युटरच्या पोटातलं काही दिसत नाही. वाटेल ते लिहायला आणि फोनवर वाटेल तो आकडा सांगायला कुणाचं काय जातं!

"काका, एस्केपचं बटण दाबून धरा. तुम्हीच."

काकांनी बटण दाबून धरलं. लाल पान आक्रसलं, कोपऱ्यात फुली दिसली. तिच्यावर क्लिक करताच बाईचा आवाज मध्येच तुटला. मग काकांनी घाईघाईने फोल्डर उघडलं. सोनूबाई जोरात गात होत्या, मागे बायका फुगडी घालत होत्या. काका सदऱ्याने डोळे पुसत बसले. चेतनाने तिथेच गाण्यांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर करून दिली.

मग ती गल्लीकडे वळली. आता तिचा राग उफाळून आला.

"खरी कंपनी पडद्यावर भोंगा वाजवून फोन करायला लावत नाही. असं पान आलं तर बंद करा. बंद होत नसेल तर अख्खा कॉम्प्युटर बंद करा, काही जात नाही. तो चोर काही हुशार नाही, सहाशे मोजताना पकडला गेला. त्याचं पोट आपल्या भीतीवर चालतं. कुणीही येऊन सांगितलं, बाधा आहे, व्हायरस आहे, कोप आहे, तर हात जोडायच्या आधी फक्त एवढं विचारा, तुला कसं कळलं?"