आमिनाचाचीचा कालचा दिवस

“काल दुपारी दोन ते पाच काय केलं, चाची?”

“बसून होती.”

“पाच ते आठ?”

“बसूनच होती, बेटा.”

वलगावच्या आमिनाचाचीचा फॉर्म भरताना मला हायसं वाटलं होतं, हे सांगायची आज लाज वाटते. आमच्या वेळेच्या पाहणीत माणसाचा कालचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहायचा असतो. बायका एकेका अर्ध्या तासात चार-चार कामं सांगून डोकं उठवतात. इथे सरळ लिहिलं: आराम, अकरा तास.

मी उठले तेव्हा तिने विचारलं, “माह्या तहरीमचं कुठी लिवलं?”

“कोण तहरीम?”

“पोरगी. एकोणीस वर्षं पलंगावरच होती. परवा मिट्टी दिली तिले.”

म्हणून घरात चूल पेटलेली नव्हती. तीन दिवस शेजारचेच जेवण आणून देत होते.

“चाची, फक्त कालचंच लिहितात.”

“एकोणीस सालाचं काहीच नाई?”

मी मान खाली घालून निघाले.

अकोल्याच्या ऑफिसात आमचे साहेब गोपालराव तक्ता पाहून म्हणाले, “गावात सगळ्यात जास्त आराम या बाईले! आरामातली विषमता केवढी वाढून राहिली पाय.”

माझं टाळकं सरकलं. सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून बसला.

“एका दिवसावरून गावाची सरासरी जमते, प्राजक्ता. एकाचा दिवस हलका, दुसऱ्याचा जड. पण विषमता मोजली का, कायमचा फरक अन् एका दिवसाचा फरक एकात कालवला जाते. कोण जन्मभर आरामात अन् कोण कालच्यापुरतं, त्या आकड्याले समजत नाई.”

“मग तसं लिहा ना!”

“त्याले रकाना नाई. तू पुन्हा जाऊन तिचा आणखी एक दिवस लिहून आण.”

वीस दिवसांनी गेले. खोलीत आता पलंगही नव्हता.

“चाची, कालचं सांगा.”

“काल? चारले उठली. तहरीमची चादर बदलली. कूस बदलली. पेज भरवली, अर्धी थुकली तिनं. मंग केस विंचरले.”

ती भ्रमात नव्हती. सरळ माझ्याकडे पाहत होती.

“कावून थांबली? लिव ना, बेटा.”

नियमात हे बसत नव्हतं. पण माझं पेन थांबलं की तीही थांबायची, म्हणून रडत रडत मी लिहीत गेले. शेवटच्या रकान्यापाशी ती म्हणाली, “मंग आमी दोघी झोपलो.”