चांगुणाची अडतीस सेकंदं

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. किती वाजले ते मला सांगता येत नाही. एखाद्या कामाला किती वेळ लागला, एवढंच मला कळतं. एके काळी मला त्याचा फार अभिमान होता.

एकोणीसशे ब्याण्णव साली नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं मला विकत घेतलं. चकचकीत अंग, पांढरी तबकडी, डोक्यावर एक बटण. यंत्रांचा वेग मोजायला मला दोरीनं गळ्यात अडकवून नेत. "घड्याळ लबाडी करत नाही," असं मॅनेजर रविराज साहेब कौतुकानं म्हणत. माणसं मोजायची वेळ माझ्यावर पाच वर्षांनी आली.

त्या कारखान्यात पंपाचे ओतीव भाग तयार होत. त्यांच्या धारदार कडा कानशीनं घासून काढायचं काम सावळीराम देवरे या ठेकेदाराकडे होतं. नामपूरचा माणूस, बोलायला मऊ. वीस बायका कामाला आणायचा. शंभर भागांमागे त्याला अठरा रुपये मिळत. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं बावीस मागितले.

"बावीस कशाचे?" साहेबांनी विचारलं. "बाहेर पंधरात करणारे रांगेत उभे आहेत."

सावळीरामनं घरून कागद लिहून आणला होता. तो वाचू लागला. "बायांची हजेरी, फंड, हातमोजे. कानस आठ दिवसांत बोथट होते, साहेब. पाथर्डी फाट्यावरून टेम्पो आणतो. अन् माझ्या बाया कसबी आहेत. वर्षात एक नग परत आला नाही."

"कसब कागदावर दिसत नाही. मोजून घेऊ," म्हणत साहेबांनी मला उचललं.

सावळीराम खूश झाला. कसब दिसलं की दर मिळणारच, असं त्याला भाबडेपणानं वाटलं. त्यानं चांगुणाला पुढे बसवलं. ती पेठकडच्या डोंगरातली. भातलावणीला चालावा तसा तिचा हात कानशीवर चालायचा. सावळीराम तिच्याशी हळूच बोलला, "आज हात राखू नको. सगळ्यांच्या वाढीचा प्रश्न आहे."

तिनं पदर खोचला. साहेबांनी बटण दाबलं. भोवती बायका जमल्या. सगळ्यांत म्हातारी कुसाबाई ओरडली, "हाण पोरी, हाण!" कीस उडत होता, चांगुणाच्या कपाळावरून घाम गळत होता, पण तिनं तो पुसला नाही. दहा भाग झाले तेव्हा माझा काटा सहा मिनिटं वीस सेकंदांवर थांबला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मीही मनातून वाजवल्या.

साहेबांनी तिथंच आकडेमोड केली. "एका भागाला अडतीस सेकंद. म्हणजे दिवसाला साडेसातशे. तुमच्या बायका पाचशे देतात. बाकीचा वेळ काय गप्पा मारतात? आजपासून शंभराला बारा. साडेसातशेचे नव्वद होतात, पाचशेचेही नव्वदच होत होते. तुमचा एक पैसा कमी केलेला नाही."

सावळीरामनं हातातला कागद पुन्हा पुढे केला. "साहेब, ते दहा नगांपुरतं पळणं होतं. आठ तास कोण पळतं?"

"पळता येतं, हे तुम्हीच दाखवलंत."

चांगुणानं भीत भीत विचारलं, "साहेब, पानी प्यायला उठायचं त्यात धरलंय का?"

"तू मघाशी उठलीस का?" साहेब म्हणाले आणि हसले.

सावळीराम काम सोडून जाऊ शकला असता. पण बाहेरच्या रांगेची त्याला धास्ती होती. त्यानं सही केली.

कुसाबाईला साडेचारशेच्या वर जाता येईना. आठ दिवसांत तिला घरी बसवलं. जाताना ती चांगुणासमोर थांबली. "तुझ्या हाताला कीड पडो," एवढंच म्हणाली. दिवाळीपर्यंत अकराजणी गेल्या. उरलेल्या बायका जेवणाच्या सुट्टीत चांगुणाकडे पाठ करून बसत. ती एकटी भाकरी खाई आणि घंटेच्या आधीच कानस उचले. चार वर्षं ती रोज साडेसातशे भाग घासत राहिली.

दोन हजार एक साली तिचं उजवं मनगट सुजलं. कानस हातातून निसटू लागली. तिनं हलकं काम मागितलं. "आधी मोजू," साहेब म्हणाले, आणि या वेळी त्यांनी मला सावळीरामच्याच हातात दिलं.

त्याच्या अंगठ्यानं माझं बटण दबलं. दहा भागांना दहा मिनिटं वीस सेकंद लागली.

"शक्यच नाही," साहेब म्हणाले. "घड्याळ बिघडलंय."

त्याच दुपारी एका माणसानं मला मोटारसायकलवरून रविवार कारंज्यावरच्या घड्याळजीकडे नेलं. घड्याळजीनं मला उघडलं, चक्रं पुसली, दात्यादात्याला तेल सोडलं, भिंग लावून तीन दिवस निरखलं. त्याचे दीडशे रुपये कंपनीनं जागच्या जागी दिले. ते तीन दिवस चांगुणा कारखान्याच्या फाटकाबाहेर बसून होती. तिचं मनगट कुणी हातात घेऊनही पाहिलं नाही.

मी परतलो तो 'निर्दोष' असा शेरा घेऊन. साहेबांनी तो वाचला आणि हजेरीच्या वहीतलं चांगुणाचं नाव खोडलं.

सावळीराम फाटकापाशी गेला. कपाटात ठेवायला साहेबांनी मला त्याच्याकडे दिलं होतं, म्हणून मी त्याच्या खिशात होतो. "घड्याळात काही निघालं नाही, चांगुणा," तो म्हणाला.

"मंग माझ्यातच निघालं म्हनायचं," ती म्हणाली. डाव्या हातानं उजवा हात उचलून धरत ती रस्त्याला लागली.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला फार जपलं गेलं. पण उद्या तुम्ही कुणाचं काम मोजायला बसलात, तर तेच काम त्या माणसाला उद्या, परवा आणि पुढच्या वर्षीही करायचं आहे का, एवढं आधी विचारा. मला ते मोजता येत नाही.