सहावा इंडेक्स

त्र्याण्णव साली धुळ्याच्या एका खासगी रक्तपेढीत कॉम्प्युटर आला, तेव्हा ट्रस्टींनी नारळ फोडला, हार घातला, पेढे वाटले. लाइट गेली तर चालावा म्हणून बॅटरी मात्र घेतली नाही, म्हणे कशाला उगाच खर्च! ते आठवून ऑपरेटर पितांबर बागुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

समोर बाकावर पिंपळनेरचा छगन बसला होता. शेजारच्या दवाखान्यात त्याची बायको तानुबाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. गट बी निगेटिव्ह. पेढीत पिशवी नव्हती, नाशिकची यायला रात्र होणार होती. पितांबरने गट टाकून रक्तदाता शोधला. कॉम्प्युटर म्हणाला, नोंद नाही.

त्याला ते पटेना. मागच्या शिबिराची नावं त्यानेच भरली होती, त्यात एक बी निगेटिव्ह नक्की होता. नाव तेवढं आठवेना, आणि फॉर्म जळगावच्या कचेरीत गेलेले. काल काम चालू असताना लाइट गेली, तेव्हाच इंडेक्स मोडला असणार. माणसं कॉम्प्युटरात जागच्या जागी होती, शोधायची वाट तेवढी बुजली होती.

दुपारी लाइट जाते हे गावाला पाठ. तरी घाबरलेल्या पितांबरने क्लासात शिकवलेला हुकूम दिला, सगळे इंडेक्स नव्याने बांध. नावाचा, गावाचा, वयाचा, धंद्याचा, तारखेचा आणि शेवटी सहावा, रक्तगटाचा. सापडनं का, असं छगन विचारत राहिला. आत्ता होईल भाऊ, असं हा सांगत राहिला. पाचवा संपला आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

लाइट आली तेव्हा उन्हं कलली होती. आता कुठे ह्या शहाण्याला सुचलं, हवा होता तो एकच. मोडका पुसून त्याने एकट्या रक्तगटाचा इंडेक्स बांधला. चहा निवायच्या आत नाव आलं: झुलाल पुना अहिरे, देवपूर. म्हणजे पांझरेचा पूल ओलांडला की घर! सायकल दामटत तो गेला आणि झुलालला डबलसीट घेऊन आला.

दवाखान्याच्या पायरीवर छगन तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसला होता. तानुबाई गेली होती.

झुलालने बाही आधीच वर केली होती. ती तशीच राहिली.

"मी ते सकायपाईन घरमाच व्हतु, भाऊ," तो म्हणाला. "कोनी बलायंच नही."

पितांबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छगनने आधी झुलालच्या उघड्या दंडाकडे पाहिलं, मग पितांबरकडे.

"सापडनं मंग?" त्याने विचारलं.

"हो," पितांबर म्हणाला.