डावीकडचं जाजम

आधी एक सांगते, मी अडाणी न्हाई. सातवी शिकलेली हाय. मराठी वाचते, कन्नड बोलते, बाजारापुरतं उर्दू बी येतं. तरी त्या दिवशी तिन्ही भाषा ऐकून माज्या डोक्याचा पार भुगा झाला. म्हणून कुणी ‘बाणूबाईला कळलंच न्हाई’ म्हणलं की मला राग येतो. आन् मी सोता तेच म्हणले, त्याचा तर लईच येतो.

गोष्ट फुटबॉलच्या स्टेडियमची हाय. आमचं गाव तालुक्याचं, हुमनाबादच्या पुढं हायवेला लागून. स्टेडियम मंजूर झालं आन् ते बांधायचं कुठं यावरून गावात दोन तट पडले. एक जागा बसस्टँडमागचं जुनं मैदान, जिथं सोमवारी बाजार भरतो. दुसरी जागा गावाभाईर सहा किलोमीटरवर, ढाब्यांच्या पलीकडचं गायरान. माज्या सासऱ्याच्या मेंढ्या त्याच गायरानात चरायच्या. आता मेंढ्या बी न्हाईत आन् सासरे बी न्हाईत, नुसती बाभळ हाय.

माजी पोरगी धनलक्ष्मी पीयूसीला, म्हणजे अकरावीला हाय, पोरींच्या टीमची गोलकीपर. नेत्रावती टीचरनी टीम काढली तवा चार पोरी व्हत्या, आता सोळा हायत. मैदान घरापासून हाकेवर, म्हणून आमी पोरींला सोडतो. माजा नवरा मायाप्पा बिदरजवळ कोळारला गोदामात कामाला, आठवड्याला घरी येतो. त्यानं साफ सांगितलेलं, “गावात खेळती तवर खेळू दे. ढाब्यांम्होरून, लॉऱ्यांतून सांजचं पोरगी जायची न्हाई.” आन् स्टेडियम भाईर गेलं की जुन्या मैदानावर बसस्टँड वाढवणार, हे ठरलेलंच व्हतं. म्हणजे गावात झालं तर धनूचा खेळ राहणार, भाईर गेलं तर सुटणार. बाकी पंधरा पोरींचं बी तेच.

शनिवारी मंगल कार्यालयात मीटिंग ठेवली. बिदरहून एक साहेब येणार, लोकांचं मत घेणार. नेत्रावती टीचर आदल्या दिवशी घरी आल्या आन् म्हणल्या, “बाणूअक्का, पोरींच्या आयांपैकी कुणीतरी बोललं पायजे. तुमाला तोंड हाय.”

तोंड हाय म्हणे. घरात हाय, नळावर हाय. माईकम्होरं कुणी बगितलंय?

तरी धनूनं माज्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. ‘पोरी चालत येतात, म्हणून स्टेडियम गावातच ठेवा.’ भाकऱ्या थापताना दहादा म्हणले. धनू हसून म्हणली, “माय, हात जोडू नको गं. तू काय भीक मागायलीस व्हय?”

मीटिंगीला गेले. मंगल कार्यालयात दोन जाजमं टाकलेली, मधी वाट. उजवीकडं गडी, डावीकडं बाया. हे कुणाला सांगावं लागत न्हाई. लग्न असो, प्रवचन असो, नळाची मीटिंग असो, आमच्यात असंच बसतात. मी माज्या शेजारणीपशी, गुरुबाईपशी बसले. उजव्या जाजमावर पुढंच माजे थोरले भाया माणिकराव बसलेले. मायाप्पाचे मोठे भाऊ. वीस वर्सं झाली लग्नाला, त्यांच्याम्होरं मी कधी मोठ्यानं बोलले न्हाई, आन् ते बसलेत त्या जाजमावर कधी टेकले न्हाई. भायाच्या बसकरावर सुनेनं बसायचं नसतं. त्यांनी कधी सांगितलं न्हाई, मी कधी विचारलं न्हाई.

पहिल्यांदा अडतवाले शिवशंकरप्पा उठले. ते भाईरच्या बाजूचे. मला वाटलं काहीतरी लबाड बोलतील, पण माणूस नीट बोलला. गावातल्या मैदानाची लांबी पुरत न्हाई म्हणले. तिथं बांधलं तर पायऱ्याच व्हतील, खेळायला अंगण उरंल. कलबुर्गीची, हैदराबादची टीम अंगणात खेळायला येणार न्हाई. आपल्या पोरांनी पुऱ्या मैदानावर कामून खेळू नये?

मी म्हणलं, अगं बाई, हे बी खरंच की. धनू एकदा म्हणलेली, ‘माय, आमचं मैदान नव्वद पावलं बी न्हाई, भाईरच्या मॅचला गेलो की दम लागतो.’

मग मैदानाला लागून दुकान असलेले महेशकुमार उठले. ते गावच्या बाजूचे. म्हणले, बस इथं, दवाखाना इथं, शाळा इथं. पोरगं पडलं तर हायवेवर कोण उचलणार? मी मान डोलवली. लगेच एक मागून बोलला, गावात स्टेडियम झालं की बाजार कुठं भरवता, तुमच्या दुकानात? लोक हसले. आणखी एक म्हणला, स्टेडियम झालं की गेट लागंल, कुलूप लागंल, पास लागंल. आत्ता जे फुकट खेळतात ते भाईरच उभे राहतील.

हे तर माज्या ध्यानातच आलं नव्हतं. गावात केलं तर कुलूप, भाईर केलं तर अंतर. इकडं आड तिकडं विहीर. मी गुरुबाईला विचारलं, “काय करावं गं?” ती म्हणली, “चहा कवा देणार हायत ते बग.”

साहेब कन्नडमधी बोलायचे, त्यांचे क्लार्क सुनीलकुमार मराठीत सांगायचे, मग मागून कुणीतरी उर्दूत सांगायचं. तिन्हीकडून तेच कानावर आलं तरी दर वक्ताला वेगळं वाटायचं. माजं पाठ केलेलं वाक्य या गदारोळात कुठं गेलं कोण जाणे. ‘पोरी चालत’ एवढंच आठवायचं.

मग साहेबांनी मत मोजायचं काढलं. क्लार्क म्हणले, “हात वर करायचे न्हाईत. मागच्या मीटिंगीत हात मोजताना घोळ झाला, काईंनी दोन्हीकडं वर केले. ज्यांला गावात पायजे त्यांनी उजव्या जाजमावर बसा. ज्यांला भाईर पायजे त्यांनी डाव्या.”

गड्यांत उठबस सुरू झाली. गावची बाजू घेणारे तिथंच राहिले. भाईरवाले उठून आमच्याकडं यायले. बाया अंग चोरून आत सरकल्या. गुरुबाई म्हणली, “हे मेले इकडं कामून यायलेत?” मी म्हणलं, “मोजायलेत.” ती म्हणली, “गड्यांचं चाललंय ते, बस गप.” सगळ्यांला तसंच वाटलं. बाया आपल्या जाग्यावर बसलेल्या, त्यात काय मोजायचं?

तवर सुनीलकुमार बोट नाचवत डावं जाजम मोजायले. पहिली ओळ, दुसरी ओळ. बोट माज्यावरून गेलं, गुरुबाईवरून गेलं.

नेत्रावती टीचर उठल्या. त्यांनी वाट ओलांडली आन् उजव्या जाजमाच्या कडेला जाऊन बसल्या. सरळ पाठीनं. तिथूनच म्हणल्या, “साहेब, बायका तर पहिल्यापासून तिथंच बसल्यात. हे त्यांचं मत न्हाई.” मग माज्याकडं बगून म्हणल्या, “बाणूअक्का, या.”

साहेब भले माणूस. त्यांनी मोजणी थांबवली आन् बायांला विचारलं, कन्नडमधी आन् मराठीतबी, “तुमी कळून बसलात न्हवं? ज्यांला गावात पायजे त्यांनी तिकडं जावा. मी थांबतो.”

गुरुबाई पदरातून म्हणली, “आमी इथंच बसतो, साहेब.” चार बाया हसल्या.

आता खरं सांगते. तवर मला काई कळत नव्हतं, हे खरं हाय. कुलूप का अंतर, अंगण का हायवे, मला सुदरत नव्हतं. पण तेवढ्या एका घडीला सगळं लख्ख कळलं. मी इथं बसले तर धनूच्या विरुद्ध मोजली जाणार, आन् मी उठले तर माज्या मागं आणखी पोरींच्या आया उठणार. त्या माज्याचकडं बगत व्हत्या. मी एका गुडघ्यावर आले.

आन् उजवीकडं भाया दिसले. जाजमावर आता दाटी झालेली, मोकळी जागा फकस्त त्यांच्या शेजारी. त्यांनी माज्याकडं बगितलं, मान खाली घातली, आन् जाजमावरून उठून बाजूला फरशीवर जाऊन बसले. भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं, आले रागाला. सून वाट ओलांडून गड्यांत यायली हे त्यांला बगवंना. मी पदर सारखा केला आन् परत खाली बसले.

माजं बगून बाकीच्या बी हलल्या न्हाईत.

सुनीलकुमारनी आकडे वाचले. गावात अठ्ठावन्न. भाईर पंच्याण्णव, त्यात बाया त्रेचाळीस. साहेबांनी कागदावर सही केली. शिवशंकरप्पासुद्धा बायांकडं बगून जरा चकितच झाले. मग चहा आला, गुरुबाईनं दोन घेतले.

नेत्रावती टीचर जाताना माज्याशी बोलल्या न्हाईत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली. सहाच्या पुढं धनू आली. बूट फडक्यात बांधून दाराशी ठेवले, पाणी प्याली, आन् उंबऱ्यावर बसली. तिला सगळं कळलं व्हतं. गावात काय लपतंय.

“माय, तू बोललीस व्हय?”

“न्हाई.”

“उठलीस?”

“मला कळलंच न्हाई गं,” मी म्हणलं. “तीन तीन भाषा, कोण काय म्हणायलंय, कुठं बसायचं, काई उमजंनाच. सगळ्याच बाया बसून व्हत्या.”

माजी पोरगी मला चांगली ओळखती. मी खोटं बोलताना भांडं जोरात घासते, हे बी तिला म्हाईत हाय. मला माजी लाज वाटायली, पण तोंडातून तेच निघालं, “खरंच न्हाई कळलं.”

“थोरले बाबा आत्ता मैदानावर आलते,” धनू म्हणली.

“भाया? ते कशाला?”

“उगंच. कधी येत न्हाईत. गोलाच्या मागं उभे राहून बगत व्हते. मला म्हणले, तुजी माय आज उठली व्हती, अर्धी. मी म्हणलं, मग? तर म्हणले, मी जाजमावर असताना ती बसणार न्हाई, हे मला म्हाईत हाय. म्हणून मी जागा सोडून फरशीवर गेलो, तोंड बी फिरवून बसलो. तरी न्हाई आली.”

माज्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“मला विचारत व्हते,” धनू म्हणली, “तुज्या मायला कळलं न्हाई का काय.”

ती उठली, बूट उचलून आतल्या खुंटीला अडकवले आन् पुस्तक घेऊन बसली. मला उगं एवढंच आठवायलं की त्या मंगल कार्यालयाची फरशी लई गार असती, आन् भायांचे गुडघे दुखतात.