न पाहिलेल्या घराचा दाखला

लोणी काळभोरच्या रंगरावांचं दगडी घर राहण्यालायक नाही, असा दाखला अपेक्षाने दिला तेव्हा तिने त्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं.

स्वारगेटजवळच्या एका कचेरीत ती जुन्या इमारती तपासायचं काम करी. त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. रंगरावांचा पुतण्या रोहन याला घराच्या जागी मंगल कार्यालय बांधायचं होतं. त्याने तिला आधी मागचा गोठा दाखवला. गोठ्याची भिंत मधोमध चांगलीच फुगली होती. "घराचंही हेच आहे मॅडम," तो म्हणाला. तिने घराच्या दारातूनच चार फोटो काढले आणि गोठ्याचं दुखणं घराच्या नावावर लिहून दिलं. तो कागद पाहून रंगरावांनी पाडायला संमती दिली. बायको गोदाबाईंच्या अंगावर छप्पर कोसळू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी रोहनचा फोन आला. तो हसत होता. "मॅडम, जेसीबीचा दात मोडला, पण भिंत हलेना! तुम्ही तर पडायला आलीय म्हणाला होतात."

अपेक्षाला जेवण गेलं नाही. रविवारी ती स्कूटर काढून लोणीला गेली. तोवर मोठं यंत्र आणून घर पाडलं होतं; जोतं आणि एक कोपरा तेवढा उरला होता. अडीच फूट जाडीची भिंत. बाहेरपासून आतपर्यंत आरपार घातलेले लांब दगड आणि त्यांना अजून धरून बसलेला चुना. नख शिरेल एवढीही भेग नव्हती.

गोठ्यातून भाकरी थापल्याचा आवाज आला. नवी खोली होईपर्यंत रंगराव आणि गोदाबाई तिथेच राहत होते. अंथरुणं नेमकी त्या फुगलेल्या भिंतीखाली होती. तिने भिंत हाताने चाचपली, ठोकून पाहिली. आतून पोकळ आवाज आला.

"काका, इथे झोपू नका. ही भिंत खरंच पडेल."

रंगराव बाजेवरून उठलेही नाहीत. "घराबद्दलबी तुमी ह्येच लिवलं व्हतं."

रोहनचं नाव तिच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं. "मी तेव्हा घरात आलेच नव्हते, काका. दारातून बघून लिहिलं. घर चांगलं होतं. चूक माझी आहे. पण ही भिंत आत्ता मी स्वतः तपासलीय."

रंगरावांनी बाहेर उरलेल्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"माज्या आज्यानं घडवल्यालं दगड हायती त्ये," रंगराव म्हणाले. "उंबरा वलांडाया पाच मिंटं न्हवती तुमाला?"



गोदाबाईंनी चूल विझवली आणि अंथरुणं गुंडाळायला घेतली. अपेक्षाने पिठाचा डबा उचलून शेजाऱ्यांच्या पडवीत नेला. बाजेला हात लावायला गेली तेव्हा मात्र रंगराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." त्यांनी ती एकट्याने ओढत नेली.

सोमवारी तिने कचेरीत सगळं लिहून दिलं. तिच्याकडून तपासणीचं काम काढून घेतलं. तिला ती शिक्षा कमीच वाटली.

अजूनही ती महिन्यातून एकदा लोणीला फोन करते. तिचा आवाज ओळखला की रंगराव न बोलता फोन गोदाबाईंच्या हातात देतात.